ठेका कुठे थांबतो: युद्धकवितेतले यमक, वृत्त आणि पुनरावृत्ती

दिवाळी सरली, भाऊबीज झाली की पूर्व विदर्भात मंडईचे दिवस सुरू होतात. पारशिवनी, रामटेक, मौदा या पट्ट्यात मंडईच्या रात्री दंडार होते, खडी गंमत होते. नावाप्रमाणे ही गंमत उभ्यानेच करायची. शाहीर, झीलकरी, ढोलकीवाला, तुणतुणेवाला, नाच्या सगळे रात्रभर पायांवर. गण-गवळण होते, कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब रंगतात, आणि मध्येच शाहीर डफ उचलून पोवाडा धरतो. पोवाड्यात बहुतेक वेळा लढाई असते. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी तिचा शेवट उचलून 'जी जी' करत लांबवतात, डफावर थाप पडते, आणि मगच पुढची ओळ येते. समोर बसलेल्या प्रत्येकाला शेवट ठाऊक असतो. अफझलखान मरणार आहे, तानाजी पडणार आहे. तरी कोणी उठत नाही.

मराठी युद्धकवितेचा आढावा इथून सुरू करावा असे मला वाटते, कारण मूळ प्रश्न इथे उघड ऐकू येतो. माणसे मरण्याची गोष्ट ठेक्यात, यमकात, पुन्हापुन्हा आळवत सांगावी का? आपल्याकडे याची दोन ठरलेली उत्तरे आहेत. एक पक्ष म्हणतो, ठेका युद्धाला सजवतो, यमक मरणाला गोड करते, म्हणून खरी युद्धकविता छंद मोडूनच लिहिली पाहिजे. दुसरा पक्ष म्हणतो, छंदाशिवाय वीररस उभाच राहत नाही. मुक्तछंदातले रणांगण म्हणजे वर्तमानपत्रातली बातमी. दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटतात. यमक आणि ठेका स्वतः निर्दोषही नसतात आणि दोषीही नसतात. कविता आपला ठेका कुठे थांबवते, मेलेल्या माणसापाशी ती क्षणभर तरी अडते की तशीच पुढे धावते, यावर सगळे अवलंबून आहे. गेल्या पंधराशे वर्षांतली आपल्या परिसरातली आणि आपल्या भाषेतली उदाहरणे या नजरेने पाहिली तर बरेच काही नव्याने दिसते.

रामटेक म्हटले की आपल्याला मेघदूत आठवते, वा. वि. मिराशींनी रामगिरी म्हणजे रामटेक हे मत आग्रहाने मांडले आणि ते इथल्या माणसांच्या मनात पक्के बसले. पण याच मुलखाशी जोडलेले एक अख्खे युद्धकाव्य आहे, आणि ते आपण जवळजवळ विसरलो आहोत. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची पहिली राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचे नगरधन. त्याची आई प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. तिच्या ताम्रपटात रामगिरीच्या स्वामींचा उल्लेख आहे. या प्रवरसेनाने पाचव्या शतकात माहाराष्ट्री प्राकृतात 'सेतुबंध' रचले. 'रावणवहो' हे त्याचे दुसरे नाव. पंधरा आश्वासांचे हे महाकाव्य. माहाराष्ट्री ही सर्वांत उत्कृष्ट प्राकृत, असे म्हणताना दंडीने याच काव्याचा दाखला दिला, आणि बाणभट्टाने 'हर्षचरिता'त त्याची कीर्ती समुद्रापार गेल्याचे सांगितले. पारशिवनीहून नगरधन काही फार दूर नाही. युद्धकवितेचा विचार करायला आपल्याला परदेशी जावे लागत नाही, एवढे तरी यावरून कळावे.

'सेतुबंधा'चा मुख्य छंद स्कंधक. एका अर्धात चार-चार मात्रांचे आठ गण, म्हणजे ३२ मात्रा. दुसरा अर्धही तेवढाच. या समान पावलांत वानरसेना चालते, डोंगर उपटले जातात, समुद्र खवळतो. मधेमधे मात्र कवी गलितक नावाचे वेगळे, यमकाने सजलेले छंद आणतो. एकसारख्या कूचीत ती थांबण्याची ठिकाणे आहेत. शिवाय प्रत्येक आश्वासाच्या शेवटच्या पद्यात 'अनुराग' या अर्थाचा शब्द येतो. कवीने ती आपली खूणच करून ठेवली आहे. म्हणजे रावणवधाकडे निघालेल्या काव्यात दर टप्प्याच्या शेवटी प्रेमाचे नाव परत येते. पुनरावृत्तीचा इतका विचारपूर्वक उपयोग इतक्या जुन्या काळी झालेला पाहिला की, पुनरावृत्ती हे केवळ लोकगीताचे भोळे लक्षण आहे, हा समज टिकत नाही. आणखी एक: काव्याचा मोठा भाग लढाईच्या आधीचा आहे. शरद ऋतू, हनुमानाचे परत येणे, समुद्रापुढची हतबलता, पुलाची बांधणी. प्रत्यक्ष रणकंदन शेवटच्या आश्वासांत येते. समान मात्रांची लांबलचक चाल वाचकाला तिथवर नेते, आणि तोवर युद्ध किती जड असते हे त्याच्या अंगात उतरलेले असते.

मराठीत लढाईच्या पार्श्वभूमीवरचा सर्वांत मोठा ग्रंथ 'ज्ञानेश्वरी' आहे, हे आपण सहसा असे मांडत नाही. सगळा संवाद दोन सैन्यांच्या मधोमध घडतो. १२९० सालच्या त्या ओवीची घडण पाहा: पहिले तीन चरण एका यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि यमकातून सुटलेला. तीन पावले टाकून चौथे अलगद खाली ठेवायचे. रणात उभ्या असलेल्या माणसाला विचार करायला लावायचा तर हीच चाल हवी होती. मोरोपंतांचे 'आर्याभारत' दुसऱ्या टोकाला आहे. अख्खे महाभारत आर्येत, आणि आर्येगणिक यमकाची कारागिरी. ती थक्क करते यात शंका नाही. पण थक्क झालेला वाचक रणांगणावरून नजर काढून कवीच्या हाताकडे बघू लागतो. युद्धकवितेत यमकाचा हा धोका खरा आहे, आणि मोरोपंतांसारख्या समर्थ कवीलाही तो टाळता आला नाही असे माझे मत आहे.

आता पोवाडा. इथे थोडे रेंगाळावे लागेल.

आपल्या हाती असलेल्या पोवाड्यांत अज्ञानदासाचा अफझलखानाच्या वधाचा पोवाडा फार जुना. प्रसंग १६५९ चा. कवीला घोडा आणि सोन्याचा तोडा बक्षीस मिळाल्याचा उल्लेख रचनेतच आहे. सिंहगडावरचा, म्हणजे १६७० च्या लढाईवरचा पोवाडा तुळशीदासाचा. हे दोन्ही नुसते वाचले तर ओळी ओबडधोबड वाटतात. एक ओळ आखूड, पुढची लांब, यमक कधी नेमके बसलेले, कधी नुसत्या स्वरावर भागवलेले. छंदाची फूटपट्टी लावणाऱ्याला त्यात दोषच दोष दिसतील. पण ही रचना कागदासाठी नव्हतीच. ओळ लांब असली तर गोंधळी ती भरभर म्हणतो, आखूड असली तर झील तिला पुरी करते. नामावळी आली, कोण कोण निघाले, कोणाची फौज किती, घोड्यांचे रंग कोणते, की ओळी भराभर सुटतात. वध जवळ आला की त्याच ओळी लांबतात. इथे छंद शब्दांत बसवलेला नाही. तो गाणाऱ्याच्या श्वासात आणि साथीदारांच्या झिलीत आहे.

झील काय करते, याकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. वरवर पाहता ती शाहिराला दम घ्यायला सवड देते, एवढेच. माझ्या मते तिचे काम याहून मोठे आहे. शाहीर एकटा सांगतो तोवर ती एका माणसाची हकीकत असते. चौघांनी तिचा शेवट उचलला की ती सगळ्यांची होते, साक्ष होते. गावच्या बैठकीत एकाने सांगितलेल्या गोष्टीवर बाकीचे 'हो, असेच झाले' म्हणतात, तशी ती झील. म्हणून लढाईच्या पोवाड्यात ती सर्वांत जास्त लागते. युद्धाची गोष्ट सांगणाऱ्यावर कोणी विश्वास का ठेवावा, हा प्रश्न नेहमीच असतो, आणि पुनरावृत्ती त्याला उत्तर देते.

आणि मग पोवाडा थांबतो. चौक संपतो, डफ खाली येतो आणि शाहीर गद्यात बोलू लागतो. किल्ल्यावर पुढे काय झाले, आईने काय विचारले, मामा काय म्हणाला. हे गद्य पोवाड्याचे अविभाज्य अंग आहे, पण छापील संग्रहांत ते बहुधा गळून पडते. तानाजीच्या पोवाड्यात रायबाचे लग्न मागे टाकून बाप मोहिमेवर निघतो. या लग्नाचा धागा जिथे गाणे सोडून बोलण्यात येतो, तिथे बायका पदर डोळ्यांना लावतात. ठेका माणसांना रणापर्यंत घेऊन जातो, आणि गद्य त्यांना घराची आठवण देते. हा थांबा जो शाहीर ओळखतो तो खरा शाहीर.

पेशवाईतल्या शाहिरांनी या मोकळ्या रचनेला बांधेसूद केले. अनंत फंदी, राम जोशी, प्रभाकर, होनाजी, सगनभाऊ, परशराम यांच्या लावण्या आणि पोवाडे बरेचसे आठ मात्रांच्या आवर्तनावर चालतात. माधव जूलियनांनी 'छंदोरचने'त ज्या जातींना पद्मावर्तनी म्हटले त्यांचा हा ठेका. 'सेतुबंधा'चा चार मात्रांचा गण आणि हे आठ मात्रांचे आवर्तन यांत सरळ वारसा आहे असे कोणी म्हणू नये. पण पावलांची मोजणी तीच आहे. १७९५ च्या खर्ड्याच्या विजयावर अनंत फंदीचा पोवाडा आहे. त्यात ठेक्याला भरती येते, सरदारांची नावे ओळीने येतात, यमके एकावर एक कोसळतात. विजयाच्या पोवाड्याला थांबायचे कारणच वाटत नाही, हे त्याचे बळ आणि हीच त्याची मर्यादा.

पराभवाच्या पोवाड्यांत मात्र तोच ठेका वेगळे काम करतो. १४ जानेवारी १७६१ नंतर पानिपतावर पोवाडे झाले. त्यांतही नामावळी आहे, पण ही पडलेल्यांची नामावळी. तीच आवर्तने, तीच यमकाची सांगड, आणि प्रत्येक सांगडीला एक माणूस कमी. पेशवाई बुडाल्यावर प्रभाकराने दुसऱ्या बाजीरावावर रचलेल्या पोवाड्यात वैभवाचे वर्णन आणि त्याचा नाश शेजारी शेजारी येतात. ठेका बदललेला नसतो, म्हणूनच ऐकणाऱ्याला घसरण जाणवते. शोकासाठी छंद मोडावाच लागतो असे नाही. छंद तसाच ठेवून त्यातली माणसे काढून घेतली तरी शोक होतो.

इथवर आपली बाजू झाली. नागपूरच्या माणसाने युद्धकवितेबद्दल लिहावे आणि बंगालकडे पाठ करावी, हे मला प्रामाणिक वाटत नाही. रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगालवर चालून गेल्या. भास्करराम कोल्हटकर १७४४ मध्ये मानकरा येथे मारले गेले, आणि १७५१ च्या तहात अलीवर्दीखानाने ओडिशा आणि वर्षाला बारा लाखांची चौथ कबूल केली. आपल्या इतिहासात हे पराक्रमाचे पान आहे. बंगाली घरांत त्याच मोहिमांचे एक अंगाईगीत झाले, आणि ते आजही आया म्हणतात. त्यातले 'बर्गी' म्हणजे आपले बारगीर. गाणे सांगते ते एवढेच: बाळ झोपले, आळी शांत झाली, बर्गी आले, पाखरांनी धान खाल्ले, आता सारा कशातून द्यायचा?

या अंगाईचा छंद बंगाली बालगीतांचा नेहमीचा: चार-चार अक्षरांचे झुलते तुकडे, आणि शेवटचा तुकडा अर्धाच. पाळण्याचा झोका जिथे संपतो तिथे यमक पडते, आणि दुसऱ्या ओळीचे यमक एका प्रश्नावर येऊन थांबते. उत्तर नाही. ज्यांनी हे गीत बांधले त्यांच्यापाशी तलवार नव्हती, दरबार नव्हता, डफ नव्हता. पण ठेका होता, आणि तो ठेका त्यांनी मूल झोपवण्यासाठी वापरला. पाळणा एका गतीने हलतो आहे, आवाज वाढत नाही, आणि शब्दांत भीती आहे. माझ्या ऐकण्या-वाचण्यात युद्धाची याहून कमी शब्दांतली कविता नाही. नागपूरच्या शाळांतून भोसल्यांचा इतिहास शिकवताना हे गीत शिकवले गेले पाहिजे.

त्याच स्वाऱ्यांवर गंगाराम नावाच्या कवीचे 'महाराष्ट पुराण' आहे, १७५१-५२ च्या सुमाराचे, चौदा अक्षरांच्या पयार छंदात, दोन-दोन ओळींच्या यमकात. त्यातला गाव सोडून पळणाऱ्यांचा भाग मला फार मोलाचा वाटतो. पंडित पोथ्या घेऊन, सोनार तराजू घेऊन, एकेका जातीचा आणि धंद्याचा माणूस आपापले हत्यार उचलून निघतो. आणि प्रत्येक वेळी क्रिया तीच, पळणे. आपल्या पोवाड्यात चालून जाणाऱ्या सरदारांची नामावळी, त्यांच्या पुराणात पळून जाणाऱ्या कारागिरांची. पुनरावृत्तीचे तंत्र अगदी एकच. पोवाडा ऐकून ज्याची छाती फुगते त्याने ही दुसरी यादीही एकदा त्याच लयीत मोठ्याने म्हणून पाहावी.

एकोणिसाव्या शतकात जोतीराव फुल्यांनी पोवाड्याचा रोख बदलला. १८६९ च्या त्यांच्या शिवाजी महाराजांवरील पोवाड्यात ध्रुवपदच महाराजांना कुळवाडीभूषण म्हणते. ध्रुवपद दर चौकानंतर परत येते. तेव्हा वादाचा मुद्दा त्यात ठेवला की तो श्रोत्याला पुन्हापुन्हा ऐकावाच लागतो. हे फुल्यांना बरोबर कळले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विनायक दामोदर सावरकरांनी सिंहगडावर आणि बाजीप्रभूंवर पोवाडे लिहिले, नाशिकचे कवी गोविंद अभिनव भारताच्या मेळ्यांसाठी गाणी रचत होते. पुराणातल्या आणि शिवकालातल्या युद्धांच्या आडून इंग्रजांशी लढायला सांगणाऱ्या कविता छापल्याबद्दल गणेश दामोदर सावरकर यांना १९०९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. गद्य लेख जप्त करता येतो. यमकातली ओळ एकदा तोंडी बसली की ती जप्त करता येत नाही, हे सरकारला ठाऊक होते. या रचनांचे ऐतिहासिक मोल मोठे. पण काव्य म्हणून पाहताना मला त्यांत थांबा फार कमी सापडतो. त्या माणसाला उठवतात, आणि उठवणे हेच त्यांचे काम होते.

अण्णा भाऊ साठ्यांनी दुसऱ्या महायुद्धात स्तालिनग्रादचा पोवाडा लिहिला. ज्याने व्होल्गा पाहिलेली नाही अशा मुंबईच्या गिरणी कामगारासमोर रशियातल्या शहराची लढाई डफ-तुणतुण्यावर उभी राहिली. विषय परका, नावे परकी, आणि ठेका मात्र घरचा. त्या ठेक्यामुळेच ते शहर परके राहिले नाही. प्रतापगडाची जागा स्तालिनग्रादने घेतली तरी चौक, झील, ध्रुवपद यांचे काम तेच राहिले. पुढे अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने हीच रीत कामगारांच्या लढ्याकडे वळवली.

विदर्भात हे काम खंजिरीने केले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९ ते १९६८) यांनी रामटेक, सालबर्डी, रामदिघी या रानांत तरुणपणी साधना केली. १९४२ च्या चिमूर-आष्टीच्या उठावामागे त्यांच्या भजनांची प्रेरणा होती, आणि त्यांना नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवले गेले. १९६२ च्या चीन युद्धात आणि १९६५ च्या पाकिस्तान युद्धात ते सीमेवर जाऊन जवानांसमोर गायले. त्यांच्या भजनाची बांधणी साधी: महाराजांनी ओळ म्हणायची, समूहाने ती जशीच्या तशी परत द्यायची. पोवाड्यात झीलकरी शेवट उचलतात. इथे सगळा गाव सगळी ओळ उचलतो. म्हणून पोवाड्याचा श्रोता साक्षीदार असतो आणि भजनातला श्रोता शपथ घेणारा. पुनरावृत्तीचे हे दोन प्रकार वेगळे आहेत. शपथ घेणाऱ्याला मधे प्रश्न विचारायला जागा उरत नाही; त्यामुळे ओळ कोणाची आहे, ती काय मागते आहे, याची जबाबदारी फार वाढते. तुकडोजी महाराजांनी त्याच खंजिरीवर स्वच्छता, ग्रामसेवा आणि जातिभेदाविरुद्धची भजनेही म्हटली, म्हणून ती त्यांच्या हाती सुरक्षित राहिली.

छापील मराठी कवितेत यमक, वृत्त आणि पुनरावृत्ती या तिन्हींचा एकत्रित मेळ जिथे सर्वांत घट्ट बसला, ती कविता माझ्या मते कुसुमाग्रजांची, प्रतापराव गुजर आणि त्यांच्या सहा साथीदारांवरची. १६७४ च्या फेब्रुवारीत नेसरीला बहलोलखानाच्या फौजेवर सात जण चालून गेले, ती घटना. ही कविता पुष्कळांना हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत, लता मंगेशकरांच्या आवाजात पाठ आहे, म्हणून तिची घडण तपासायचे सहसा कोणाला सुचत नाही.

ओळीची मोजणी करून पाहा. आरंभी दोन मात्रांची उचल, मग आठ-आठ मात्रांची दोन आवर्तने, आणि शेवटी ध्रुवपदात केवळ तीन मात्रांचा तुकडा. आवर्तनाच्या आठांपैकी पाच मात्रा रित्या. त्यांतल्या दोन पुढच्या ओळीच्या उचलीला जातात, तीन मोकळ्याच राहतात. घोडा दौडतो, दौडतो, आणि पाऊल टाकायला जमीन नसावी तसा थबकतो. हा थांबा प्रत्येक कडव्यात परत येतो. कडव्याच्या पहिल्या तीन ओळी एका यमकाच्या, चौथी मात्र ध्रुवपदाच्या यमकाकडे वळलेली. म्हणजे कडवे कुठूनही सुरू झाले, पत्रातल्या बोलांपासून, अपमानापासून, भाल्यांपासून, तरी त्याला शेवटी त्या एकाच आकड्यापाशी यावे लागते. यमक इथे दैवासारखे वागते.

आणि तो आकडा. सहा सरदार आणि त्यांचा सेनापती निघाले की कवी सातांना दर कडव्यात वेगळे रूप देतो: ते धुळीचे ढग होतात, समुद्रात पडणाऱ्या उल्का होतात, गर्दीत नाहीसे झालेले जीव होतात, वणव्यात जळालेले पक्षी होतात. चकमकीच्या ओळीत आगीचे नाव तीनदा येते आणि सगळ्या दिशा बंद होतात. शेवटच्या कडव्यात तीन ओळींत 'अजून' हाच अर्थ तीनदा येतो, आणि सातांचा आकडा कडव्याच्या आतून निघून जातो. तो ध्रुवपदात तेवढा राहतो. टेनिसनने १८५४ च्या बालाक्लावाच्या हल्ल्यावरच्या कवितेत कडव्याच्या शेवटी सहाशेचा आकडा असाच परत आणला आहे. तिथे परतताना तो आकडा पूर्वीचा उरत नाही, कारण माणसे पडलेली असतात. कुसुमाग्रजांकडे सातांतला एकही कमी होत नाही. मेल्यावरही ध्रुवपद त्यांना सातच मोजते. ही कविता अविचारी धाडसाचा गौरव करते, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेपात तथ्य आहे. पण तिच्या प्रत्येक ध्रुवपदानंतरचा तो मोकळा अवकाश गौरवाचा नाही, असे मी ठामपणे म्हणेन.

या सगळ्याच्या समोर विदर्भातल्याच एका कवीची कविता उभी आहे. कवी अनिल, आत्माराम रावजी देशपांडे, मूर्तिजापूरला १९०१ मध्ये जन्मले, १९८२ मध्ये नागपुरात गेले. मराठीत मुक्तछंद रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांचे. १९४३ मध्ये त्यांचे 'निर्वासित चिनी मुलास' हे दीर्घकाव्य आले. १९३७ पासून जपानी फौजा चीन उद्ध्वस्त करत होत्या. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही होते. चिनी युद्ध तेव्हा नागपूरला तितकेसे दूर नव्हते.

अनिलांनी या विषयासाठी यमक सोडले, याकडे मी पुनःपुन्हा वळतो. पोवाडा जमावाशी बोलतो, ध्रुवपद समूहाला बांधते. अनिलांना एका मुलाशी बोलायचे होते, ज्याचे घर, आई-बाप, भाषा सगळे हरवले आहे. त्याच्याशी यमकात बोलणे म्हणजे त्याला पुन्हा एकदा जमावात उभे करणे झाले असते. तरीही मुक्तछंद म्हणजे छंद नसणे, असे अनिलांनी कधी मानले नाही. अक्षरांच्या लहान गटांची लय त्यात आहे. ओळी लहान-मोठ्या होतात, पण चाल सुटत नाही. ओवीचे नाते ऐकणाऱ्या कानाला लगेच कळते. म्हणजे मुक्तछंदाने जुन्या छंदाविरुद्ध बंड केले हे सांगणे अर्धेच खरे. युद्धाने ज्याला एकटे केले त्याच्याशी बोलता यावे म्हणून त्या छंदातून जे वगळायला हवे होते ते अनिलांनी वगळले.

तिसरी वाट बा. सी. मर्ढेकरांची. १९४७ च्या 'काही कविता'त महायुद्धोत्तर जगाची मरगळ त्यांनी ओवी, अभंग, पादाकुलक अशा ओळखीच्या चालींत भरली. पिंपातल्या उंदरांची ती गाजलेली कविता सोळा-सोळा मात्रांत, नेटकी चालते. आत मरण आहे आणि ठेका बालगीताइतका सरळ. बंगालच्या अंगाईचे तंत्र इथे शहरात आले आहे, असे मला वाटते. इंग्रजीत विल्फ्रेड ओवेनने यमकच जखमी केले: व्यंजने तीच ठेवायची, स्वर बदलायचा, म्हणजे कान यमकाची वाट पाहतो आणि ते जरा चुकून पडते. तो ४ नोव्हेंबर १९१८ ला, युद्धबंदीच्या आठवडाभर आधी मारला गेला. मराठीत या अपुऱ्या यमकाचे प्रयोग युद्धकवितेत फारसे झालेले नाहीत. खरे तर जुन्या पोवाड्यात नुसत्या स्वरावर जुळलेली यमके भरपूर आहेत. ती अडाणीपणाची म्हणून आपण सुधारून टाकली, आणि एक चांगले हत्यार हातचे घालवले.

आजच्या खडी गंमतीत कारगिलचे, हुतात्मा जवानांचे पोवाडे होतात. कामठीची छावणी जवळ, तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र. फौजेत मुले गेलेली घरेही या भागात आहेत. श्रोत्यांसाठी हा विषय पुस्तकातला नाही. या नव्या पोवाड्यांपैकी बरेचसे मला एका गतीने धावणारे वाटतात. ध्वनिक्षेपकावर ढोलकी जोरात, यमके सिनेमाच्या गाण्यांची, घोषणा सारख्या; शहिदाची आई दोन ओळींत येते आणि पुढच्या थापेत निघून जाते. जे शाहीर जुन्या रीतीने तिथे डफ खाली ठेवतात आणि साध्या वऱ्हाडी-नागपुरी बोलीत तिच्या घरी त्या दिवशी काय झाले ते सांगतात, त्यांच्यापुढे मांडव अगदी वेगळा होतो.

हे सगळे कागदावर उतरत नाही, ही मोठी अडचण आहे. मुंबईचे आयुक्त हॅरी ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये गोंधळ्यांकडून मिळवून पोवाडे छापले, पुढे य. न. केळकरांनी 'ऐतिहासिक पोवाडे' सिद्ध केले. या माणसांचे ऋण मोठे आहे. त्यांच्याविना आपल्याकडे अज्ञानदासही उरला नसता. पण त्या पानांवर ओळी आहेत, ध्रुवपदाची खूण आहे. झील किती लांबली, गद्य कुठे आले, डफ कुठे थांबला हे नाही. पारशिवनी-रामटेक-मौदा भागातल्या जुन्या शाहिरांकडे अजून हस्तलिखित बाडे आहेत आणि ती कशी म्हणायची हे त्यांच्या कानात आहे. बाडांच्या छायाप्रती काढणे सोपे. प्रत्येक पोवाडा पूर्ण मंडळीसह, मधल्या बोलण्यासकट, एखाद्या मंडईत सलग ध्वनिमुद्रित केला पाहिजे आणि संहितेत थांब्यांच्या जागा नोंदवल्या पाहिजेत. नागपूरच्या विद्यापीठातल्या मराठी विभागाने, लोककलेच्या अभ्यासकांनी आणि तालुक्यातल्या शिक्षकांनी मिळून करावे असे हे काम आहे. सुरुवात पराभवाच्या पोवाड्यांपासून करावी. ते गाणारे सर्वांत कमी उरले आहेत.